फोनवरचे हे आणि खाटेजवळचा तो

माझ्या आजारपणाचा बराचसा भाग मला दुसऱ्यांकडून ऐकावा लागला. काही तुकडे माझे आहेत, काही नवऱ्याचे, काही भावाचे, आणि ते सगळीकडे एकमेकांना जुळत नाहीत. तरी लिहायला बसले. नांदेडच्या डॉक्टरबाई मागच्या तपासणीला म्हणाल्या, "सुनंदाताई, घरात असा पेशंट असला की लोक घाबरतात, लपवतात, कधीकधी कोंडून ठेवतात. तुम्हाला बोलता येतंय, तर बोला."

मी बारावीपर्यंत शिकलेली बाई. सेलू तालुक्यात, देवगाव फाट्यापासून थोडं आत आमचं गाव आहे. कोरडवाहू शेत, सासऱ्यांच्या काळापासूनची मेंढरं आणि ओसरीला लागून पिठाची गिरणी, एवढा आमचा पसारा. शेत आणि मेंढरं हे बघतात, गिरणी मी. पूजा ही एकच मुलगी, ती सेलूच्या कॉलेजात. सासूबाई आमच्याजवळ असतात, त्यांना मी आत्याबाई म्हणते. माझा धाकटा भाऊ गजानन जिंतूरला मोटारपंप दुरुस्त करतो. या गोष्टीत एवढीच माणसं आहेत. त्यात एक माणूस दोनदा येतो.

डबे

सुरुवात डब्यांपासून झाली. गिरणीवर सकाळी दळणाच्या डब्यांची रांग लागते. डब्यावर कुणी नाव घालत नाही, आणि मला कधी गरजही पडली नव्हती. एखाद्याचा कडीला दोरी बांधलेला, एखाद्याचा बुडाशी चेपलेला, मी लांबून सांगायची हा कुणाचा. एके दिवशी रांगेकडं बघितलं तर सगळे डबे ओळखीचे वाटले, पण एकाचंही नाव येईना. ज्वारीत गहू पडला. जिची ज्वारी होती ती बाई दुसऱ्या दिवसापासून डबा ठेवून जायच्या ऐवजी तिथंच उभी राहायला लागली.

मग हात. उजवा हात मध्येच झटका बसल्यासारखा उडायचा आणि त्याच वेळी ओठाचा कोपरा ओढला जायचा. पापणी लवेपर्यंत सगळं जागेवर. हातातलं पीठ सांडायचं. मी म्हणायची, अशक्तपणा असेल. झोप जवळजवळ गेली होती. गावातल्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. त्या मी इमानदारीनं खाल्ल्या.

हे सगळं मला आठवतं. यानंतरचं जे सांगणार आहे तेही आठवतं, आणि इतकं स्वच्छ आठवतं की अजून त्याची भीती वाटते.

हे मेंढरं सोडून आले, पायावर पाणी घेतलं आणि ओसरीवर बसून चहा मागितला. मी चहा घेऊन गेले. चेहरा तोच, भुवईवरची जुनी खूण तीच, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. आणि मला कळलं की हा माणूस हे नाहीत. विचार करून कळलं नाही. घास तोंडात घेतला की भाजीत मीठ नाही हे जसं कळतं, तसं कळलं.

मी विचारलं, "हे कुठं हायेत?"

त्यांना वाटलं मी चेष्टा करते. "मीच की. कोण पाहिजे तुला?"

मी कप खाली ठेवला आणि आत गेले. आत्याबाई सूप घेऊन बसल्या होत्या. त्या मला नंतर म्हणाल्या, "तू सून होऊन आल्यापासून त्याला कधी तो म्हटलं न्हाईस. त्या दिशी आत आलीस अन् हळूच म्हणलीस, आत्याबाई, तो कोण बसायलाय ओसरीवर?"

पुरावे

घरच्यांनी मला पटवायचा प्रयत्न केला. कुणीही हेच केलं असतं. पूजानं लग्नाचा फोटो आणून शेजारी धरला. मी म्हटलं, सारखा दिसतो म्हणून तर आणलाय याला. मग मीच त्याची परीक्षा घेतली. पूजा झाली तेव्हा दवाखान्यात कोण होतं, आपलं पहिलं भांडण कशावरून झालं, माझ्या आईला ते काय म्हणायचे. त्यानं सगळी उत्तरं बरोबर दिली. त्यामुळं मला जास्तच धडकी भरली. इतकं पाठ करून आलेला माणूस काय हेतूनं आला असेल?

आता लिहिताना दिसतं की मी कुठलाच रस्ता मोकळा ठेवला नव्हता. तो चुकला असता तर खोटा ठरला असता, आणि चुकला नाही म्हणूनही खोटाच ठरला. वेड लागलं म्हणजे विचार करणं थांबतं असं मला आधी वाटायचं. माझं उलट होतं. मी दिवसभर विचार करत होते आणि प्रत्येक विचार कसा चोख बसत होता.

घरात एक परका माणूस आहे असं ज्या बाईला वाटतं तिची अवस्था काय होते, ते सांगायला नको. मी पूजाला एकटं सोडेना. तो जेवायला बसला की स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. तो माणूस शेवटी मुक्कामाला मेंढवाड्याजवळच्या खोपीत गेला. आत्याबाईंनी अंगारा आणला, माझ्या कपाळाला लावला. मला त्याचा राग नाही. त्यांच्या हातात जे होतं ते त्यांनी केलं. पण मग त्या गजाननला फोन करून भांडल्या. म्हणाल्या, "तुज्या बहिणीनं माज्या लेकाला त्याच्याच घरात चोर केलाय." गजानन म्हणाला, "मंग माझ्या बहिणीला माझ्याकडं पाठवा." आजार एकीला होतो आणि तुटायला दोन घरं लागतात, हे तेव्हा सगळ्यांनीच बघितलं. एक मी सोडून.

फाट्यावर

एका बाजाराच्या दिवशी मी खरे हे शोधायला निघाले. पायात चपला घातल्या, पिशवीत मोबाईल टाकला आणि देवगाव फाट्याकडं चालायला लागले. ते कुठंतरी आहेत, त्यांना कुणीतरी अडवून ठेवलंय, एवढंच डोक्यात होतं. मागं बघितलं तर तो येत होता. जवळ येत नव्हता, पण नजरेआडही होऊ देत नव्हता.

फाट्यावर एसटीची वाट बघणारी गर्दी होती. मी बायकांमध्ये जाऊन बसले. तो रस्त्यापलीकडं लिंबाखाली उभा राहिला. शेजारी एक वयस्कर बाई बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. मी तिला म्हटलं, "तो बघा, घरापासून माझ्या मागं हाय."

तिनं दोघा-तिघांना सांगितलं, आणि बघता बघता माणसं रस्ता ओलांडून गेली. एका टोपीवाल्यानं त्याची कॉलर धरली.

"माझी बायको हाय ती," तो म्हणाला. "आजारी हाय. सांभाळायला आलोय मी मागं."

"असंच म्हणतेत सगळे."

"विचारा तिला."

माणसं माझ्याकडं वळली. मी म्हटलं, "हा माझा मालक न्हाई."

त्यानं खिशातून आधारकार्ड काढलं. मी म्हटलं, "ते पण त्यांचंच हाय. चोरलंय." फाट्यावरचा चहावाला आम्हाला ओळखतो, पण तो गर्दीच्या मागं होता, त्याला काय चाललंय ते कळायला वेळ लागला. लोकांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. एक बाई भेदरलेली आहे आणि एक पुरुष तिच्या मागं आहे, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी बाईवर विश्वास ठेवला.

मग ती पिशवीवाली बाई मला म्हणाली, "पोरी, तुज्या मालकाचा नंबर हाय ना? लाव की त्याला फोन."

मी लावला. लिंबाखाली त्या माणसाच्या खिशात फोन वाजला.

पलीकडं फोन वाजलेला मला आठवत नाही. मला फक्त माझ्या कानातली रिंग आठवते. पण चहावाल्यानं ते डोळ्यांनी बघितलं, आणि त्याच्याकडून ऐकून गजाननही तेच सांगतो. टोपीवाल्यानं कॉलरवरचा हात सोडला. त्यानं, म्हणजे यांनी, फोन काढला, त्याच्याकडं बघितलं, आणि आमच्याकडं पाठ करून कानाला लावला.

"कुठं हायेस?" आवाज आला. यांचाच आवाज. त्यात काही कमी नव्हतं, काही जास्त नव्हतं. माझ्या अंगात जीव आला.

"फाट्यावर. तुमी कुठं हायेत?"

"मी... लांब हाय जरा."

"लवकर या. एक माणूस माझ्या मागं लागलाय. लोकांनी धरलंय त्याला."

"मारलं का त्याला?"

मी पलीकडं बघितलं. "न्हाई अजून."

"मारू देऊ नको. काही केलं का त्यानं तुला?"

"न्हाई."

"मंग सोडा म्हण त्याला. तू तितंच बस, उन्हात फिरू नको. गजाननला पाठवतो, त्याच्यासंगं जा. मी येतोच."

त्या फोनमध्ये मला मोकळ्या रानातला वारा ऐकू आला होता आणि मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा. हे मला पक्कं आठवतं. हे तेव्हा माझ्यापासून एक डांबरी रस्ता सोडून उभे होते, आणि तिथं एकही मेंढरू नव्हतं.

गजानन मोटारसायकल घेऊन येईपर्यंत मी बायकांमध्येच बसून राहिले. टोपीवाल्यानं यांना पाणी आणून दिलं आणि बाजूला बसवलं, असं चहावाला सांगतो.

कुणाचं खरं

गजाननानं मला परभणीला मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांकडं नेलं. ते माझ्याशी बोलत होते आणि त्यांचं लक्ष माझ्या हातावर होतं. बोलता बोलता तो दोनदा उडाला. त्यांनी रक्त तपासायला दिलं, अंगातलं मीठ फार खाली गेलेलं निघालं. ते म्हणाले, "यांना मेंदूच्या डॉक्टरांकडं न्या, उशीर करू नका." त्याच दिवशी मला पहिली मोठी फीट आली. नांदेडपर्यंतचा रस्ता माझ्याकडं नाही. तो कोरा आहे.

नांदेडला पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासलं, डोक्याचे फोटो काढले. डॉक्टरबाईंनी सांगितलं की मेंदूला सूज आहे, आणि ती बाहेरच्या कुठल्या जंतूनं आणलेली नाही. शरीर ज्या ताकदीनं रोगाशी लढतं, तीच ताकद मेंदूवर उलटली आहे. औषध आहे. वेळ लागेल. बहुतेक माणसं सुधारतात, किती सुधारतात ते आज सांगता येत नाही.

बाईंनी ही गोष्ट कुठं सांगितली यावर घरात अजून वाद आहे. हे म्हणतात जिन्याच्या पायऱ्यांवर, उभ्याउभ्या. गजानन म्हणतो केबिनमध्ये, आणि त्यानं स्वतः यांना खुर्ची ओढून दिली होती. यांना आठवतं की गजानन रडला. गजाननला आठवतं की हे रडले आणि तो अजिबात रडला नाही. त्या दोघांपैकी कुणाचाही मेंदू सुजलेला नव्हता. हे मी पुढं पुष्कळदा आठवून घेतलं आणि मला त्याचा आधार वाटला.

डॉक्टरबाईंनी यांना एक समजावून सांगितलं, ते मला बरी झाल्यावर कळलं. चेहरा ओळखणं आणि तो चेहरा आपल्या माणसाचा वाटणं, ही मेंदूत दोन वेगळी कामं असतात. माझं पहिलं चालू होतं, दुसरं बंद पडलं होतं. आवाजाचा रस्ता वेगळा, तो शाबूत होता, म्हणून चेहरा समोर नसला की मला हे ओळखू यायचे. "तुम्ही नवरा आहात हे त्यांना पटवायला जाऊ नका," बाई म्हणाल्या. "वाद घातलात तर त्या आणखी घाबरतील. नुसते जवळ असा."

मग यांनी माझ्या नवऱ्याची जागा सोडली आणि माझी सेवा करणाऱ्या माणसाची घेतली.

वॉर्ड

सकाळी फिनाइलचा वास आला की दिवस सुरू. मग बीपी, मग सुई, मग कागदी कपातला चहा. सलाईनच्या बाटलीतून औषध जायचं, ते संपेपर्यंत हात हलवायचा नाही. पहिले काही दिवस मी सुया उपटल्या म्हणून माझे हात मऊ पट्टीनं कॉटला बांधले होते. ते गरजेचं होतं, हे आता कळतं. तेव्हा एवढंच कळत होतं की मला बांधलंय आणि तो माणूस शेजारी बसून बघतोय.

तो मला बाई म्हणायचा. "बाई, पाणी देऊ का? बाई, उशी नीट करू का?" लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. आत्याबाई एकदा भेटायला आल्या आणि हे ऐकून बाहेर जाऊन बसल्या.

मी त्याच्या हातची गोळी घेत नव्हते. दुपारचं जेवण झालं की तो वॉर्डबाहेर जायचा, आणि थोड्या वेळानं माझा फोन वाजायचा. हे असायचे.

"कधी येणार तुमी?" मी विचारायची.

"येतो. इकडचं आवरलं की येतो. गोळ्या घेतल्यास का?"

"तो माणूस देतो. मी न्हाई घेत."

"घेत जा. मीच लावून दिलाय तो माणूस."

"तुमच्या ओळखीचा हाय?"

"विश्वासाचा हाय. कामाला कसा हाय?"

मी विचार केला. "कामाला बरा हाय. जास्त बोलत न्हाई."

हे जिन्यात उभे राहून बोलायचे. पूजा एकदा पाण्याची बाटली भरायला गेली तेव्हा तिनं बघितलं. बाबा भिंतीला टेकून, डोळे मिटून, हसत हसत बोलत होते, "आगं येतो म्हणलं ना." फोन ठेवला आणि तसेच तिथं थांबले. मग तोंड पुसून परत बाई म्हणायला आत आले. पूजा मला म्हणाली की आजाराच्या सगळ्या दिवसांत तिला सगळ्यात जास्त भीती त्या वेळी वाटली, कारण तिला वाटलं आता बाबांचं पण काहीतरी होणार.

यांनी डॉक्टरबाईंना विचारलं होतं, मी हे खोटं बोलतोय ते चालतं का. बाई म्हणाल्या, "विश्वासाचा माणूस आहे म्हणालात ना? यात खोटं काय आहे?"

शेजारच्या खाटेवर एक बाई होती. हिरव्या बांगड्या, हळू आवाज. ती माझ्याशी गावाकडच्या गोष्टी बोलायची आणि माझे केस विंचरायची, गाठ आली तर धरून, दुखणार नाही असं. बरी झाल्यावर मी तिची चौकशी केली. हे म्हणाले, ती खाट रिकामीच होती, मीच तिथं पिशव्या ठेवायचो. पूजा म्हणाली, दोनेक दिवस कुणीतरी बाई होती बहुतेक, पण ती बोलत नव्हती. मी सिस्टरला विचारणार होते. दारापर्यंत जाऊन परत आले. मला ती राहू द्यायची होती.

मेंढरं

हात सोडल्यानंतरची गोष्ट. मी खिडकीशी बसले होते. दवाखाना शहराच्या कडेला, खाली रस्ता, रस्त्याच्या पलीकडं मोकळी जागा. राउंडला एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "आज कसं वाटतंय?"

मी म्हटलं, "खालून मेंढरं चाललीत."

त्यांनी मान हलवली. आवाज मुद्दाम मऊ केला. "अच्छा. मेंढरं दिसतात. आणखी काय काय दिसतं?"

मला ते कळलं. एवढ्या आजारातही ते कळतं. समोरचा माणूस आपलं ऐकत नाही, आपल्याला तपासतोय. मी खिडकीकडं परत बघितलं आणि पहिल्यांदाच मला वाटलं, खरंच आहेत का ती? तोवर मी जे बघितलं त्याबद्दल मला कधी शंका आली नव्हती.

दाराजवळून तो माणूस म्हणाला, "सायेब, मेंढरं खरीच हायेत. बगा की."

डॉक्टर खिडकीशी आले. खाली रस्ताभर मेंढरं होती, दोन घोडी, घोड्यांवर बिऱ्हाड, मागं काठीवाला. एक ट्रक हॉर्न देत थांबला होता. डॉक्टर माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "सॉरी ताई." आणि मनापासून म्हणाले.

तो माणूस माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. अंतर ठेवून. म्हणाला, "दमलीत. लांबून आलेली दिसत्यात."

"पुढची लंगडायलीय," मी म्हटलं.

"हो, खूर दुखत असंल."

मी त्याच्याकडं बघितलं. अजूनही तो हे नव्हताच. पण हा माणूस माझ्या बाजूनं खरं बोलला होता. दुपारी फोनवर मी यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं केलं त्यानं."

ओळख

लोक विचारतात, मग ओळख कशी पटली? त्यांना वाटतं दिवा लागल्यासारखं झालं असेल. तसं काही झालं नाही. औषधाच्या दुसऱ्या फेरीनंतर शंका यायला लागल्या. तो वळला की पाठ यांच्यासारखी वाटायची आणि समोरून परत परका. एकदा तो शिंकला आणि मी चमकून बघितलं. मला काही ठरवता येईना, डोकं दुखून यायचं.

माझ्यासारख्या माणसाच्या घरच्यांना मला हे मुख्य सांगायचं आहे. आजार जोरात होता तेव्हा मला शंका नव्हती. आयुष्यात कधी नव्हती इतकी खात्री होती. शंका यायला लागली तेव्हा मी बरी व्हायला लागले होते. तुमच्या माणसाचा गोंधळ वाढलेला दिसला तर लगेच निराश होऊ नका. कदाचित आत कुणीतरी पहिल्यांदा वाद घालायला लागलेलं असतं.

एके दुपारी तो मोसंबी सोलत होता. पहिली फोड त्यानं स्वतःच्या तोंडात टाकली, आंबट आहे का बघायला. मी म्हटलं, "आधी स्वतः खायची सवय काही गेली न्हाई तुमची."

बोलून मी पुढची फोड मागायला हात पुढं केला. काय बोलले ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यांच्या आलं. ते तसेच बसले, सोललेलं मोसंबं हातात घेऊन, आणि मला एकेक फोड देत राहिले. मोसंबं संपेपर्यंत उठले नाहीत. त्या दुपारी फोन वाजला नाही, आणि मी वाटही बघितली नाही.

मधूनमधून ओळख पुन्हा जायची. सकाळी हे असायचे, संध्याकाळी परत तो. पण तसं होणं कमी होत गेलं, आणि घरी सोडलं तेव्हा हे माझ्याशेजारी गाडीत बसून आले.

घरी

बरी झाले म्हणजे पहिल्यासारखी झाले असं नाही. गोळ्या चालू आहेत. गिरणी पुन्हा चालवते, पण डब्यांवर आता खडूनं नावं घालते. बायका हसतात, मीही हसते. त्या वर्षातलं बरंच काही गेलं ते गेलं.

राहिलं आहे ते वेगळंच. फाटक वाजलं की मी पूजाला विचारायची, तुला ऐकू आलं का? करपल्याचा वास आला की विचारायची, तुला येतोय का? कुणी ओळखीचं भेटलं की आधी घरच्यांच्या तोंडाकडं बघायची, ते ओळख दाखवतात का. काही महिने तिनं सगळी उत्तरं दिली. मग एकदा वैतागून म्हणाली, "आई, प्रत्येक गोष्ट मला नको विचारू. मला पण नसते खात्री."

"म्हणजे?"

"म्हणजे फाटक वाजलं का ते मला पण कळत नाही कधीकधी. मी उठून बघते, बस्."

मी त्यावर खूप विचार केला. सगळी शहाणी माणसं आतून ठाम असतात आणि आपण एकट्याच डळमळीत आहोत, अशी माझी समजूत होती. मग मला यांचा जिना आणि गजाननची केबिन आठवली. आता मीही उठून बघते. कधी कुणी असतं, कधी वारा असतो.

पूजाच्या मनात एक गोष्ट होती, ती तिनं खूप उशिरा विचारली. "उद्या मी पण तुला परकी वाटले तर?" मी म्हणू शकले असते की असं होणारच नाही. पण ते मला माहीत नाही. मी म्हटलं, "वाटलीस तर फोन कर." ती हसली, मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

आणि आत्याबाई. त्यांनी मला कधी टोचून बोलून दाखवलं नाही, पण लेकाच्या ताटात वाढताना अजून माझ्याकडं एक नजर टाकतात. टाकू देत.

सोयाबीन वाळत होतं तेव्हा

परवा खळ्यावर सोयाबीन पसरलं होतं. आम्ही दोघं पायानं उलटंपालटं करत होतो. ऊन चांगलं होतं. मध्येच हे म्हणाले, "एक विचारू का?"

"विचारा की."

"तो कसा होता?"

कोण ते विचारावं लागलं नाही. आजवर आम्ही त्याच्याबद्दल बोललो नव्हतो. मी पाय थांबवला.

"चांगला होता," मी म्हटलं. "एकच गोष्ट दहादा सांगितली तरी चिडायचा न्हाई. बांधलेले हात चोळून द्यायचा. मी त्याला काहीबाही बोलायची, तरी सकाळी परत यायचा."

हे ऐकत होते. दुसऱ्या कुणाची तारीफ ऐकावी तसे.

"अन् तुमाला?" मी विचारलं. "तुमाला कसं वाटायचं?"

त्यांनी खाली बघत चार पावलं सोयाबीन हलवलं. "मला त्या फोनवरच्याचा राग यायचा."

"कामून?"

"तू त्याच्याशी लय गोड बोलायचीस. अन् तो नुसता येतो येतो म्हणायचा. रोज येतो म्हणायचा, अन् यायचा न्हाई. सगळं ह्या दुसऱ्यालाच करावं लागायचं."

ते खरंच रागावलेले होते. इतक्या दिवसांनी, खळ्यावर उभे राहून, त्यांचे कान लाल झाले होते. मला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले, आणि त्यांनी ते बघितलं.

"आले की शेवटी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पलीकडच्या बाजूनं सोयाबीन उलटायला लागले.